फरशीच्या कामात नवीन आलाय ना, मग आधी हातांचं बघा

सोलापुरात राहून शेंगा चटणी खाता येईना, याच्यासारखी फजिती नाही. फरशीच्या कामाला लागून मला तिसरा महिना होता, दुपारी साइटवर डबा सोडला, कडक भाकरी मोडली, चटणीवर तेल ओतून घेतलं आणि पहिल्या घासालाच बोटं अशी भगभगली की घास तसाच टाकून पाण्याच्या पिंपाकडं पळालो. पेरांवर बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, चार दिवसांपासून दिसत होत्या पण दुखत नव्हत्या म्हणून मी काय लक्ष दिलं नव्हतं. पुढचे पंधरा दिवस चमच्यानं जेवलो. घरचे हसायचे, मिस्त्रीपण हसायचे, म्हणायचे आता कुठं फरशीवाला झालास बे.

हे लिहितोय ते नवीन पोरांसाठी, जे आत्ता बिगारी म्हणून लागलेत किंवा मिस्त्रीच्या हाताखाली शिकतायत, आणि ज्यांना घरच्या बाथरूमला स्वतःच टाइल बसवायची हौस आलीय त्यांच्यासाठीपण. हात फुटणारच, हात फुटल्याशिवाय काम येत नाही, असं जे सांगतात त्यांचं फक्त माणूस म्हणून ऐका, कामाचं म्हणून नको.

सिमेंट हाताला करतं काय

ओल्या सिमेंटात हात घातला की थोड्या वेळानं बोटं एकमेकांवर घासून बघा, गुळगुळीत लागतात, साबण लावल्यासारखी. मला वाटायचं माल चांगला कालवलाय म्हणून असं लागतंय. तसं नसतंय. सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्यात चुना तयार होतो, तोच चुना जो पानाला लावतात, आणि हा चुना तुमच्या कातडीतल्या तेलाचा साबण करून टाकतो. म्हणजे तो गुळगुळीतपणा सिमेंटचा नाही, तुमच्याच कातडीचा आहे. पानाला चुना जास्त झाला की जीभ कशी भाजते, आता तसलं पान दिवसभर हातात धरून बसायचं अशी कल्पना करा.

आकड्यात सांगायचं तर, पीएच म्हणजे आंबट की खारं ते मोजायचं माप, साध्या पाण्याचा तो ७, आपल्या कातडीचा ५ च्या आसपास, म्हणजे कातडी जराशी आंबट असते, आणि ओल्या सिमेंटचा १२ ते १३. ह्या मापात एक पायरी म्हणजे दहापट, ५ वरनं १२ म्हणजे सात पायऱ्या, एक कोटी पट झाली. कातडी बिचारी किती टिकणार.

आणि मेन गोष्ट ही की हे होताना दुखत नाही. ॲसिड सांडलं की माणूस ओरडतो, हात झटकतो, पाण्याकडं पळतो, त्यामुळं वाचतो. सिमेंट तसं ओरडायला लावत नाही, दोन-तीन तास आतल्या आत काम करतं आणि संध्याकाळी घरी गेल्यावर नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. म्हणून ह्या कामात दुखायला लागलं की हात धुवू असं चालत नाही, घड्याळ बघून धुवायचं. खालचं सगळं ह्या एकाच गोष्टीवर उभं आहे, बाकी विसरलात तरी हे विसरू नका.

नुकसान तीन तऱ्हेचं होतं. पहिलं म्हणजे कातडी कोरडी पडून चिरा पडणं, हे सगळ्यांनाच होतं आणि काळजी घेतली तर भरून येतं. दुसरं सिमेंटनं भाजणं, फोड येतात, कधी कधी खोल जखम होते. तिसरं ॲलर्जी, आणि हे सगळ्यात वाईट. सिमेंट भट्टीत १४५० डिग्रीपर्यंत भाजतात, त्यात कच्च्या मालातलं क्रोमियम असतं ते तिथं अशा रूपात बदलतं की पाण्यात विरघळतं आणि कातडीतनं आत जातं. काही जणांच्या अंगाला ते मानवत नाही. वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षंपण काही होत नाही आणि एक दिवस हात खाजायला लागतात, लाल होतात, पाणी सुटतं, आणि मग नुसती सिमेंटची धूळ लागली तरी होतं. काम सोडून दिलं तरी कित्येकांचं वर्षानुवर्षं जात नाही. युरोपात २००५ पासून सिमेंटमधल्या ह्या क्रोमियमवर कायद्यानं मर्यादा घातलीय, दहा लाख भागांत दोन भाग, त्यासाठी तिथं सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात. आपण गोणीत काय आहे ते बदलू शकत नाही, हात मात्र झाकू शकतो.

ग्लोज घेताना

नवीन पोरगं काय करतं, हार्डवेअरच्या दुकानात जाऊन विणलेले पांढरे सुती ग्लोज घेतं, सगळ्यात स्वस्त असतात म्हणून. विटा उचलायला ठीक आहेत. ओल्या मालात ते ग्लोज न घातल्यापेक्षा वाईट. सुती कापड सिमेंटचं पाणी शोषून घेतं आणि दिवसभर हाताला चिकटवून ठेवतं, उघड्या हातावरचं निदान पुसलं तरी जातं.

दुसरे मिळतात ते विणलेले पण तळव्याला रबराचा लेप दिलेले. हे पकडीला मस्त, टाइलची धार तळव्याला लागत नाही, कोरड्या टाइल वाहायला मी हेच वापरतो. पण मागची बाजू विणलेलीच असते हे लक्षात ठेवा, स्लरीत, म्हणजे सिमेंटच्या पातळ घोळात, हात घातला की पाठीमागनं पाणी आत शिरलंच.

मालात हात घालायचा तर पूर्ण रबराचे पाहिजेत, मनगटाच्या वरपर्यंत येणारे, नायट्राइलचे, म्हणजे बनावटी रबराचे, मिळाले तर सगळ्यात चांगले, नाहीतर भांडी घासायचे जाड रबरी ग्लोज असतात तेपण सिमेंटला चालतात. आतनं सुती अस्तर असलेले बघा. मेडिकलमधले नायट्राइलचेच पातळ निळे ग्लोज टाइलच्या धारेला लागले की दोन मिनिटांत फाटतात, ते जॉइंट, म्हणजे टाइलमधल्या फटी, भरायला किंवा जाड ग्लोजच्या आतनं घालायला ठेवा.

माप बघून घ्या. ढगळ ग्लोजमध्ये स्पेसर, म्हणजे दोन टाइलमधली फट सारखी ठेवायचा बारका तुकडा, बोटात धरता येत नाही, मग माणूस वैतागून ग्लोज काढून फेकतो, आणि बहुतेक जण ग्लोज सोडतात ते ह्याच कारणानं, गर्मीमुळं नाही. बोटाच्या टोकाला मोकळी जागा राहिली नाही पाहिजे आणि मूठ वळताना ओढ बसली नाही पाहिजे.

एक जोडी घेऊ नका, तीन घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ पर्यंत चढतो, रबरी ग्लोजमध्ये तासाभरात घामाचं पाणी होतं, आणि घामानं भिजलेली कातडी मऊ पडते, तिला सिमेंट अजून लवकर खातं. म्हणून चहाला एक जोडी बदलायची, जेवायला दुसरी, काढलेली उलटी करून सावलीत वाऱ्याला टांगायची. तीन जोड्यांना जेवढे पैसे जातात त्याच्यापेक्षा जास्त एक दिवस खाडा पडला की जातात.

सकाळी साइटवर पोचल्यावर

अंगठी काढा. लग्नातली असली तरी काढा, घरी ठेवून या. अंगठीच्या खाली सिमेंट जाऊन बसतं, धुतलं तरी निघत नाही, आणि तिथं गोल चट्टा उठतो. तेच मनगटावरच्या धाग्याचं, काळा दोरा, देवाचा गंडा, राखी. दोरा सिमेंटचं पाणी पितो आणि दिवसभर मनगट भिजवत ठेवतो. श्रद्धा असेल तर दोरा दंडावर बांधा, देव काही रागवणार नाही. तांब्याचं कडं, घड्याळ, सगळं पिशवीत.

नखं कापलेली पाहिजेत. आधीच्या चिरा, खरचटलेलं असेल तिथं पट्टी लावा, वरनं मेडिकलची चिकटपट्टी. काही जण चिरांमध्ये फेविक्विक भरतात, मीपण भरलंय, भगभगतं, आणि कड निघाली की चीर मोठी होते. पट्टीच बरी.

हात कोरडे आणि स्वच्छ असतानाच ग्लोज घालायचे. आत एक चमचाभर सिमेंट गेलं की मग तो ग्लोज राहत नाही, ते पोटीस होतं. काही जण ग्लोजऐवजी सकाळी हाताला खोबरेल नाहीतर व्हॅसलीन चोपडून कामाला लागतात. तेलाचा थर कातडी कोरडी पडू नये म्हणून थोडा कामाला येतो पण तो ग्लोजचं काम करत नाही, अर्ध्या तासात निघून जातो, आणि वर हात निसटतात. तेल रात्री लावायचंय, त्याचं पुढं सांगतो.

माल कालवताना

गोणी फाडताना धूळ उडते ती घामानं ओल्या झालेल्या हातावर, मानेवर बसते आणि तिथंच ओलं सिमेंट तयार होतं. म्हणून फुल बाहीचा शर्ट, बाही ग्लोजच्या वरनं की आतनं ते पुढं बघू. गोणी सोडताना वारा पाठीमागनं येईल असं उभं राहा.

टाइल ॲडेसिव्ह म्हणजे सिमेंट नाही, ते केमिकल आहे, असा एक समज आहे. नेहमीचं पावडरचं जे ॲडेसिव्ह येतं ना, त्यात सिमेंट असतंच, बारीक वाळू आणि पॉलिमर वरनं. म्हणजे हाताला तोच त्रास, वर ते जास्त चिकटतं, निघता निघत नाही. बादलीत आधी पाणी घ्या, मग पावडर टाका आणि ड्रिलला दांडा लावून फिरवा. मशीन नसेल तर थापीनं. हातानं गुठळ्या फोडायच्या नाहीत, आणि हे मी मोठ्या मोठ्या मिस्त्रींना करताना बघितलंय, कोपरापर्यंत हात घालतात, वर सांगतात आमच्या हाताला सवय झाली. सवय झालेली नसते, कातडी घट्ट झालेली असते, आणि तीच थंडीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला, टाचेसारखी फुटते.

लादी बसवताना

बाहीचं आत्ता सांगतो. खाली फरशी बसवत असाल, हात जमिनीकडं, तर शर्टाची बाही ग्लोजच्या वरनं सोडायची, वरनं पडलेलं बाहीवरनं खाली जातं. भिंतीच्या टाइल असतील, हात डोक्याच्या वर, तर उलटं, बाही ग्लोजच्या आत घालायची आणि ग्लोजची कड बाहेर दुमडायची म्हणजे वरनं ओघळलेलं पाणी त्या दुमडीत साठतं, आत जात नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो. एका बाथरूमच्या वरच्या दोन ओळी चालल्या होत्या, मी ग्लोज घातले होते म्हणून निवांत होतो, टाइलच्या मागं माल लावून वर दाबली की थोडी थोडी स्लरी मनगटावरनं ग्लोजमध्ये उतरत होती, ओलं लागत होतं पण मला वाटलं घाम आहे. तीन तास तसंच चाललं. संध्याकाळी ग्लोज काढला तर मनगटाभोवती बांगडीसारखा लाल पट्टा, दुखत नव्हता, धुतला आणि सोडून दिला. रात्री दोन वाजता उठून बसलो. सकाळी तिथं तपकिरी झालं होतं आणि एका बाजूला फोड. त्याची खूण अजून आहे, लोक विचारतात दोरी बांधली होती काय. तर ग्लोजच्या आत ओलं लागलं की ते घाम आहे असं धरायचंच नाही, काढायचं, बघायचं, हात धुवायचे, दुसरी जोडी घालायची.

शहाबादी फरशीचं काम अजून भरपूर चालतं आपल्याकडं, शहाबाद आपल्यापासनं जवळच, रेल्वेच्या एकाच लाइनवर. त्यात तासलेल्या कडा खरबरीत असतात, तळव्याला चरे पडतात, आणि चऱ्यात सिमेंट गेलं की मग बघायलाच नको. व्हिट्रिफाइड टाइलची धार तर काचेसारखी, कापलेलं आधी दिसतं, मग कळतं. वाहताना लेपाचे ग्लोज घाला आणि मालाला बसायच्या आधी रबरी. दोन वेगळी कामं, दोन वेगळे ग्लोज. मोठ्या टाइल उचलायला सक्शन लिफ्टर मिळतो तो मिस्त्रीकडं असेल तर वापरा.

ग्राइंडर चालवताना मात्र ढिले, धागे लोंबणारे ग्लोज घालू नका. पातं धागा ओढतं आणि धाग्याबरोबर बोट. एकतर घट्ट बसणारे, नाहीतर उघड्या हातानं. इथं कातडीपेक्षा बोट महत्त्वाचं. धुळीचं, मास्कचं हा वेगळा विषय, त्यावर लिहायला बसलो तर हा लेख संपणार नाही.

गुडघ्याचं एक वाक्यात सांगतो, ओल्या मालावर गुडघे टेकून बसलात आणि पँट भिजली तर सिमेंट हातापेक्षा गुडघ्याला जास्त भाजतं, कारण तिथं दिवसभर कोणी बघत नाही. गुडघ्याचे रबरी पॅड घ्या.

जॉइंट भरताना

पांढऱ्या सिमेंटचा घोळ करून जमिनीवर ओतायचा आणि चिंधीनं, हातानं जॉइंटमध्ये दाबत जायचं, हे काम बहुतेक नवीन पोरांनाच मिळतं, सोपं म्हणून. हातांचं सगळ्यात जास्त वाटोळं ह्याच कामात होतं. पांढरं आहे म्हणून लोकांना ते टाल्कम पावडरसारखं वाटतं. पांढऱ्या सिमेंटमध्ये क्रोमियम अगदीच कमी असतं हे खरं आहे, पण चुना तेवढाच. उघड्या बोटांनी जॉइंट दाबत गेलं की बोटांच्या टोकाची कातडी घासून घासून पातळ होते, ठशे जातात, इतके की आधारच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. रेशनच्या दुकानात अंगठा उमटेना म्हणून परत आलेले आमच्या लाइनमधले लोक मला माहीत आहेत.

रबरी फ्लोट, म्हणजे जॉइंट दाबायची सपाट रबरी थापी, घ्या, नाहीतर जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा कापून घ्या, तोच चालतो. बोटानं फिनिशिंग द्यायचं असेल तर पातळ नायट्राइल घालून द्या, बोटाला अंदाज येतो.

इपॉक्सी असेल तर

हॉटेलच्या किचनला, बाथरूमला आता जॉइंट भरायला सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट मागतात. ह्यात तीन डबे असतात, रेझिन, हार्डनर आणि वरनं घालायची भुकटी. ह्यात सिमेंट काही नाही, पण ॲलर्जीच्या बाबतीत हे सिमेंटच्या वरताण आहे. कच्चं असताना, म्हणजे कालवल्यापासनं घट्ट होईपर्यंत, कातडीला लागूच द्यायचं नाही. एकदा का अंगाला त्याची ॲलर्जी बसली की नंतर थेंबभर लागलं तरी उठतं, काहींचं तोंड सुजतं, डोळ्याच्या पापण्या लाल होतात. वाळून कडक झालं की मग भीती नाही.

इथं नायट्राइलच. लॅटेक्सचे पातळ ग्लोज, डॉक्टर घालतात ते, त्यातनं इपॉक्सी आरपार जातं. आणि ग्लोजवर इपॉक्सी लागलं, चिकट झालं की तो ग्लोज टाकून दुसरा घालायचा, पुसून चालवायचा नाही, ह्या कामाला डबाच लागतो ग्लोजचा, ठेकेदाराकडून आधीच मागून घ्या.

आता चूक कुठं होते सांगतो. भरताना सगळे ग्लोज घालतात, नंतर स्पंज मारायची वेळ आली की काढून ठेवतात, आता काय, नुसतं पाणी आहे की ओ. ते नुसतं पाणी नसतं, टाइलवरनं पुसलेलं सगळं रेझिन त्या बादलीत आलेलं असतं. स्पंज पिळताना ग्लोज पाहिजेतच.

हाताला लागलंच तर थिनर, पेट्रोल, स्पिरिट लावू नका. त्यानं ते पातळ होऊन अजून आत जातं. कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग साबण आणि पाणी.

ॲसिड मारायला सांगितलं तर

काम संपलं की फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड आणून देतात. शहाबादीवर तर मारूच नका, तो चुनखडीचा दगड आहे, फेस येतो आणि चमक जाते, मालक ओरडतो ते वेगळं. टाइलवर मारायचंच असेल तर जाड लांब ग्लोज, पायात बूट, खिडक्या उघड्या, आणि आधी बादलीत पाणी मग त्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी गॅस होतो, एकाच बाथरूममध्ये दोन्ही वापरू नका. सिमेंट हाताला लागलं म्हणून ॲसिडनं हात धुणारे महाभागपण बघितलेत मी.

हात धुणं

आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला सांगायला नको, नवीन बांधकामावर टँकर नाहीतर बोअर, आणि बोअरचं पाणी जड, साबणाला फेसच येत नाही. त्यामुळं साइटवर काय होतं, एक बादली असते, तिच्यात थापी धुतात, घमेलं धुतात, स्पंज बुडवतात आणि त्याच्यातच हात. ते पाणी दुपारपर्यंत दुधासारखं होतं, म्हणजे सिमेंटचंच पाणी झालं, त्यात हात धुणं म्हणजे परत बुडवणंच.

म्हणून हातासाठी वेगळं पाणी. मी काय केलंय, तेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनला खाली बारीक तोटी बसवून घेतलीय, सकाळी भरून एका कोपऱ्यात विटांवर ठेवतो आणि कोणालाही त्यात थापी बुडवू देत नाही. बारीक धार पडते, एका कॅनमध्ये दिवस निघतो.

ग्लोज काढायच्या आधी ग्लोजवरनंच हात धुवायचे, बाहेरचं सिमेंट गेलं पाहिजे, मग मनगटाकडनं धरून उलटा करत काढायचा. बाहेरच्या बाजूला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. मग हात साबणानं धुवायचे, बोटांच्या बेचक्यात आणि नखांच्या कडेला नीट. हे चहाच्या आधी, जेवायच्या आधी, लघवीला जायच्या आधीपण, का ते विचारू नका, एकदा अनुभव घेतलेला माणूस कधी विसरत नाही. मधे ग्लोज नसताना माल लागलाच तर लगेच, काम अर्धं टाकून.

तंबाखू मळणाऱ्यांना वेगळं सांगतो. तळहातावर सिमेंट, त्यावर तंबाखू, त्यावर अजून चुना, आणि ते सगळं गालात. सोडा म्हटलं तर सोडणार नाही तुम्ही, निदान हात धुऊन मळा.

साबण साधा, वास नसलेला. कपड्याची पावडर वापरू नका, तीपण खारीच असते. विटेच्या तुकड्यानं, वाळूनं घासू नका. रॉकेलनं सिमेंट निघत नाही, उरलंसुरलं तेल मात्र निघतं.

लिंबाचं जरा थांबून सांगतो. चुन्यावर आंबट मारलं की मरतं म्हणून लिंबू चोळायची पद्धत आहे, ऐकायला बरोबर वाटतं. पण लिंबाच्या सालीत असं काहीतरी असतं की ते कातडीवर राहिलं आणि वरनं ऊन लागलं की कातडी जळते, आधी लाल, मग काळे डाग, जे महिनोन् महिने जात नाहीत. आणि ऊन तर आपल्याकडं सकाळी नऊलाच भाजतं. लिंबू जेवणात पिळा.

हात कोरडे करायला शर्टाला पुसू नका, शर्ट सिमेंटनं भरलेला असतो. सोलापुरात टॉवेलला काय तोटा, कारखान्यातनं निघालेले सेकंडचे तुकडे किलोवर मिळतात, चार तुकडे पिशवीत टाका, एक हातासाठी राखून ठेवा, रोज घरी धुवायला न्या. बेचकी ओली राहिली की तिथं पांढरं पडून सोलतं.

रात्री

धुतलेल्या, किंचित ओल्या हाताला जाड थर लावायचा, व्हॅसलीन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं, खोबरेल पण चालतं. वासाची, थंडगार वाटणारी क्रीम नको. चिरा खोल असतील तर मेडिकलमध्ये युरियाचं क्रीम मिळतं, उघड्या चिरांवर ते झोंबतं म्हणून आधी दोन-चार रात्री व्हॅसलीननं चिरा मिटू द्या. वरनं जुने सुती मोजे हातात घालून झोपायचं, हो, पायातलेच, धुतलेले. बायको हसते, हसू दे. आठवड्यात हात ओळखू येत नाहीत.

भाजलंच तर

कोरडी पावडर असेल तर आधी झटका, मग पाणी. ग्लोज, भिजलेले कपडे, अंगठी लगेच काढा. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली किमान २० मिनिटं धरा, घड्याळ लावून, २० मिनिटं म्हणजे खूप वेळ असतो, माणूस तिसऱ्या मिनिटाला कंटाळतो. नळ नसेल तर पिण्याचा २० लिटरचा जार फोडा आणि कोणालातरी तांब्यानं हळूहळू ओतायला लावा. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, काही लावायचं नाही, कातडी बंद करून चुना आत कोंडल्यासारखं होतं. फोड फोडायचे नाहीत. कातडी पांढरी, तपकिरी किंवा काळी पडली, किंवा बधिर झाली, तर दुखत नसलं तरी दवाखाना, दुखत नसेल तर जास्तच लवकर. डोळ्यात उडालं तर पाणी मारतच डॉक्टरकडं जायचं.

खाज दोन-तीन आठवडे जात नसेल, सुट्टीत बरी होऊन कामाला गेलं की परत उठत असेल तर ती नुसती कोरडी कातडी नाही. मेडिकलमधनं ट्यूब मागून लावत बसू नका, बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, आठ दिवस छान वाटतं, महिने लावलं की कातडी कागदासारखी होते. कातडीच्या डॉक्टरला दाखवा, सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, कातडीची ओपीडी आहे. त्यांना पॅच टेस्टबद्दल विचारा. पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या लावतात, दोन दिवस ठेवतात, तोवर आंघोळीचं पाणी पाठीला लागू द्यायचं नाही, मग कुठली उठली ते बघतात. त्यात क्रोमियम, इपॉक्सी असतंच, आणि रबरपण असतं, कारण काही जणांना त्रास सिमेंटचा नसून ग्लोजमधल्या रबराच्या केमिकलचा असतो, आणि तो माणूस बिचारा दिवसभर अजून घट्ट ग्लोज घालत बसतो. जाताना वापरलेला ग्लोज आणि ॲडेसिव्हच्या गोणीचा, ग्राउटच्या डब्याचा फोटो घेऊन जा, साहेब फरशीचं काम करतो एवढ्यावर त्यांना काही कळत नाही.

आणि वर्षात ९० दिवस काम केलेलं असेल तर बांधकाम कामगार मंडळाकडं नोंदणी करून ठेवा, वय १८ ते ६० पाहिजे, ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडनं घ्यायचा, तो द्यायला बहुतेक जण टाळाटाळ करतात तेव्हा काम चालू असतानाच मागा, हिशोब झाल्यावर फोन उचलत नाहीत. मंडळाकडनं सुरक्षा संच मिळतो, पेटी भरून सामान. त्यातले ग्लोज मिळाले की आधी उलटे करून बघा, मागची बाजू विणलेली असेल तर टाइल वाहायला ठेवा आणि मालासाठी रबरी वेगळे घ्या.